पहाटे ५.४० ते ६.०० : शांती

हल्ली कुणी रिकामा बसत नाही, 'मी-टाइम' घेतो. रिकाम्या बसलेल्याला पूर्वी घरचे सुनावायचे, "काही उद्योग नाही का रे?" मी-टाइमवाल्याला मात्र चहा नेऊन द्यावा लागतो, आणि तोही कपबशीचा आवाज न करता.

या मी-टाइमची नोंद मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये असते, हिरव्या पट्टीत. पहाटे ५.४० ते ६.०० : शांती. सहाला नळाला पाणी येतं, म्हणून शांती तिथे संपते. सव्वासहाला चालणं, सातला भिजवलेले बदाम, साडेसातला हैदराबादच्या टीमबरोबर कॉल. काहीही न करण्याची वेळ जवळ आली की दहा मिनिटं आधी फोन आठवण करून देतो, आणि माणूस काहीही न करण्याच्या तयारीला लागतो. आसन शोधतो. शाल शोधतो. उदबत्ती सापडते, काडेपेटी सापडत नाही. ती कुठाय विचारायला बायकोला उठवतो. पाच चाळीसला डोळे मिटतात तेव्हा घरातलं एक माणूस शांत झालेलं असतं आणि बाकीची जागी झालेली असतात.

अध्यात्माला आपला विरोध नाही. तिरकस लिहिणाऱ्याला असं एक वाक्य वेळेवर टाकून ठेवावं लागतं, नाहीतर संपादकांना पत्रं येतात. रोजच्या धबडग्यात चार घटका स्वतःपाशी बसावंसं वाटणं, यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते त्या चार घटकांचंही आपण लगेच टाइमटेबल करतो त्याचं. ज्यावर कुणाचाच हक्क नाही असा थोडा वेळ हवा होता. पदरात पडली ती आणखी एक मीटिंग. समोर माणूस नाही, एवढाच फरक. आणि या मीटिंगलाही आपण उशिराच पोचतो.

ध्यानाची ॲप्स तर हजेरीही घेतात. सलग किती दिवस बसलात याचा आकडा वाढत जातो, आणि एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. ओळखीतल्या एका गृहस्थांची अशी सलग आठ महिन्यांची साखळी गणेश चतुर्थीला तुटली. त्या दिवशी घरात पहाटेपासून प्राणप्रतिष्ठा, अथर्वशीर्षाची आवर्तनं, दोन्ही वेळच्या आरत्या, मंत्रपुष्पांजली, नैवेद्याला एकवीस मोदक. ॲपच्या लेखी मात्र आध्यात्मिक कार्य शून्य मिनिटं. ऋषिपंचमीला गृहस्थ खिन्न होते. गणपती मखरात बसलेला, आणि हे मोबाइलमधल्या साखळीचं सुतक पाळत होते.

जगाचंही तेच चाललंय. संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन ठरवला. २०१५ पासून तो साजरा होतो. पुढे २०२४ च्या डिसेंबरात त्याच्याच आमसभेने २१ डिसेंबर हा ध्यानदिन जाहीर केला. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस, दोन्ही मार्गी लागले. आता परिपत्रकं निघतात : अमुक वाजता सभागृहात सर्वांनी अंतर्मुख व्हावे व छायाचित्रे ग्रुपवर पाठवावीत. डोळे मिटलेल्यांचा फोटो काढायला एक जण डोळे उघडे ठेवून लागतोच. त्या बिचाऱ्याची हजेरी कोण लावतं कुणास ठाऊक.

कुणी म्हणेल, हे सगळं वरवरचं. खरं करायचं तर इगतपुरीला जा. बरोबर आहे. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राची थट्टा करायला जागा फार कमी आहे. सत्यनारायण गोयंकांनी १९६९ साली भारतात पहिलं विपश्यना शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं शिबिर चालतं. फोन जमा, वही-पेन जमा, पुस्तक जमा, बोलणं बंद. पण वेळापत्रक बघा. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात दहा-साडेदहा तास ध्यान. विश्रांतीही आहे, पण तिचीही वेळ ठरलेली. ती तालीम आहे, सुट्टी नव्हे, आणि तिथली मंडळी तसं स्वच्छ सांगतात. घोटाळा करतात ते परत आलेले. दहा दिवसांच्या मौनावर जो माणूस दहा महिने बोलतो, त्याच्या शेजारची सीट मिळाली तर नाशिकपासून पुण्यापर्यंत झोपेचं सोंग घ्यावं.

तालीमही नको असेल तर वीकएंडचं मौन आहे. मुळशीच्या बाजूला, कर्जतच्या बाजूला, खिडकीतून पाणी दिसेल अशा बेताने. सूर्योदयाचं ध्यान, काढा, गवतावर अनवाणी चालणं, झाडाला मिठी, मग साउंड बाथ. (म्हणजे ते वाडगे वाजवतात, तुम्ही कोरडेच राहता.) सगळं तासातासाला, लॅमिनेट केलेल्या कागदावर. फोन बंद ठेवायची सूचना व्हॉट्सॲपवर येते. रविवारी अकराला चेक-आउट. तोवर आत्म्याची ओळख झाली नसेल तर अर्ध्या दिवसाचा आकार वेगळा.

आता मुद्द्याचं. ही वीस मिनिटं येतात कुठून?

एकाने काम थांबवलं म्हणून काम थांबत नाही. ते सरकतं. ५.५० झालेत. साहेब बाहेरच्या खोलीत डोळे मिटून. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंय. आत डब्याच्या पोळ्या चालू आहेत, मुकाट्याने. खोबरं वाटायचंय, पण मिक्सर सहानंतर. तोवर कोथिंबीर निवडून होते. कुकरची शिटी थरथरायला लागली की ती गॅस बारीक करते, पुन्हा मोठा करते, पुन्हा बारीक, म्हणजे वरण शिजेल पण शिटी होणार नाही. दूधवाल्याला कालच बजावलंय, बेल दाबायची नाही, पिशवी कडीला अडकव. धाकटा डोळे चोळत येतो, "आई" म्हणायला तोंड उघडतो, तर ओठावर बोट. सहाला साहेब डोळे उघडतात. चेहरा प्रसन्न. म्हणतात, "आज एकदम छान लागलं! तूही बसत जा ना थोडा वेळ. स्वतःसाठी वेळ काढायला शिकलं पाहिजे."

ती यावर काय म्हणते ते या सदरात छापता येत नाही.

लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि 'अशी कामं करणारे' पुरुष मुळात शंभरात २६ च्या आसपास. उरलेले ७४ बहुधा अंतर्मुख असावेत.

त्याच पाहणीत आणखी एक गंमत आहे. गप्पाटप्पा, भेटीगाठी, गावकीच्या कामातला सहभाग आणि धर्माचरण हे सगळं त्यात एकाच सदराखाली मोजलं जातं. संयुक्त राष्ट्रांची वर्गवारीच तशी आहे. कुणाच्या भावना दुखावतील, पण ज्या कारकुनाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. पारावर हरिपाठ म्हणणारा म्हातारा आणि पारावर सुनेची उणीदुणी काढणारा म्हातारा एकाच रकान्यात बसवलेत, आणि बरेचदा तो म्हातारा एकच असतो. त्याला कुणी मी-टाइम दिलेला नसतो. जेवण झालं, ऊन उतरलं नाही, जाणार कुठे, म्हणून तो तिथे असतो. त्यात कधी देव येतो, कधी सून.

आपल्याकडच्या देवाला भक्ताच्या वेळेची अडचण पहिल्यापासून ठाऊक होती. पंढरपूरची गोष्टच बघा. देव स्वतः दारात आला, तर पुंडलिक म्हणाला, आईबापांची सेवा चाललीय, थांब जरा. आणि उभं राहायला वीट भिरकावली. भक्ताला सवड नव्हती म्हणून देव खोळंबला, आणि त्या खोळंब्याचं क्षेत्र झालं. कुणी पुंडलिकाला सल्ला दिला नाही की बाबा रे, आईबापांकडे तासभर केअरटेकर बघेल, तू जरा स्वतःला वेळ दे. जनाबाईचं तर विचारूच नका. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, पाणी, शेण्या. तिला कुठली आलीय हिरवी पट्टी? तेव्हा देवच येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावतो, अशी लोकांनी गोष्ट रचली. सावता माळी अरणला आपल्या मळ्यातच राहिला आणि देवाला तिकडे जावं लागलं, असं वारकरी सांगतात. या मंडळींनी वेळ काढला नाही. देवाला काढावा लागला.

पण याचा आधार घेऊन लगेच 'काम हीच पूजा' अशी पाटी रंगवू नका. ती पाटी नेहमी मालक लावतो आणि खाली ओव्हरटाइम मागतो. जनीच्या गोष्टीत देव येऊन स्वतः दळतो. मालकांनी आधी तेवढं करावं, मग पाटी लावावी.

जुन्या वेदपाठशाळांत थांबायची एक निराळी सोय होती : अनध्याय. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या तिथींना पठण बंद, हे ठरलेलं. खरी मौज न ठरलेल्या अनध्यायांत आहे. विजा चमकल्या, गडगडून पाऊस आला, बंद. धुळीची वावटळ उठली, बंद. कोल्हे ओरडले, कुत्री भुंकली, गाढव रेकलं, उंट ओरडला, बंद. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ही लांबलचक यादी आहे. (त्या ग्रंथाचं दहन व्हायला हवं होतं, ते २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झालंच; आणि ज्यांना हे पठण मुळात करूच दिलं नाही त्यांचा अनध्याय कायमचा होता, तो काही मौजेचा नव्हता. तरी उंटाचं कलम तेवढं बाजूला काढून ठेवायला हरकत नव्हती.) आज ढगफुटी झाली तर 'सर्वांनी घरून काम करावे' असा मेसेज येतो. आणि खरंच उंट ओरडला तर कॉलवरून कुणीतरी म्हणतं, "प्लीज, ज्यांच्याकडे उंट आहे त्यांनी म्यूट करा."

अनध्यायाची खुबी अशी की तो गुरूलाही असतो आणि शिष्यालाही. एकाने डोळे मिटून बसायचं आणि दुसऱ्याने दार लोटून त्याची शांतता राखायची, हा प्रकार नाही. वर्गच सुटतो. एकट्याचा निवांत वेळ कुणाच्या तरी हातचं काम वाढवून उभा राहतो. सगळेच थांबले तर कुणी कुणाच्या ओठावर बोट ठेवायचं कारण उरत नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्राला एक सरकारी अनध्याय होता, भारनियमन नावाचा. संध्याकाळी लाइट गेली की टीव्ही बंद, पंखा बंद, अभ्यास बंद, आणि सगळी गल्ली ओट्यावर. पोरं लपाछपी खेळायची, बायका अंधारात भाजी निवडायच्या, आणि एरवी नमस्कारापलीकडे न गेलेली माणसं महावितरणला मिळून शिव्या द्यायची. शिव्या संपल्या की थोडी शांतता व्हायची आणि कुणीतरी एखादं जुनं गाणं म्हणायचं. त्या काळात ज्या शेतकऱ्याला रात्री दोनला उठून मोटार चालू करायला रानात जावं लागे त्याला यात काव्य दिसणार नाही, आणि दिसू नये. पण गल्लीची मोकळीक गेली ती वीज आल्याने नव्हे. एकाने इन्व्हर्टर बसवला, त्याच्या खिडकीतून मालिकेचा आवाज यायला लागला, आणि दोन महिन्यांत ओटे ओस पडले.

सगळ्यांनी मिळून थांबणं म्हणजे काय ते बघायचं तर सिंधुदुर्गात जावं, मालवण तालुक्यात आचऱ्याला. तिथली गावपळण. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल घेतात, आणि देवाने होकार दिला की अख्खं गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर निघतं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. मागे कुणी राहायचं नाही. रामेश्वराच्या कौलावर इतर धर्मांची घरंही निघतात. वेशीबाहेर माळावर, खाडीच्या कडेला झोपड्या उभ्या राहतात, झावळांच्या, ताडपत्रीच्या, जमेल तशा. पुढ्यात तीन दगडांची चूल. भुताखेतांना गाव मोकळं करून द्यायचं म्हणून ही चाल पडली असं कुणी सांगतं. तीन दिवस माणसाचा वावर थांबला की माती, पाणी, हवा शुद्ध होते असं कुणी सांगतं. दुसरं कारण शाळेत सांगायला बरं, पहिलं रात्री शेकोटीपाशी.

मुंबईचे चाकरमानीही रजा टाकून येतात. येऊन करायचं काय? काही नाही. गरी टाकून बसायचं, पत्ते कुटायचे, रात्री भजन, फुगड्या, आणि कुळीथाची पिठी कुणाची चांगली झाली यावर वाद. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याची झोपडी नेमकी शेजारी आली तर मीठ त्याच्याकडेच मागावं लागतं. रांधणारे हात तिथेही बहुतेक बायकांचेच, हे कबूल. पण सारवायचं अंगण, पुसायची फरशी, लावायचं कपाट सगळं कुलपाआड राहिलेलं असतं. झोपडीत आवरणार काय? एक चटई आणि दोन टोप. फोन असतात, झोपडीचे फोटो फेसबुकवरही येतात. आचऱ्याची माणसं काही सत्ययुगात राहत नाहीत. मात्र तिथे वेळापत्रक लावायला भिंत नसते.

आणि परतीची वेळ माणसाच्या हातात नसते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवाने हो म्हटलं तर गाव भरायचं, नाही म्हटलं तर मुक्काम वाढला. विचारलं तर उत्तर एकच : "कौल मिळालो की जावचा."

पर्यटनाच्या धंद्यातल्या एका मित्राला मी हे सगळं रंगवून सांगितलं. तो इतका शांतपणे ऐकत होता की मला वाटलं, याच्या आत काहीतरी हललंय. ऐकून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे ते तीन दिवस आतलं गाव पूर्ण रिकामं?"

"पूर्ण."

"माणूस नाही, हॉर्न नाही, कुत्रंसुद्धा नाही?"

"नाही."

"अरे, मग ती घरं सायलेंट रिट्रीटला का देत नाहीत?"

मी म्हटलं, "बाबा, गाव त्या तीन दिवसांत भुतांना दिलेलं असतं. त्यांचं काय करशील?"

तो म्हणाला, "त्यांना अकराचं चेक-आउट सांगू."